संगणक स्मृतिवर्धन
संगणक स्मृतिवर्धन : वापरात असलेल्या मेजसंगणकाच्या मुख्य स्मृतीची धारणक्षमता जादा स्मृतिपट्ट्या बसवून, अथवा मूळ पट्ट्यांच्या जागी अधिक क्षमतेच्या पट्ट्या घालून वाढविण्याची क्रिया. मुख्य स्मृतीला व्यवहारात ‘रॅम’ म्हणतात व बाजारात स्मृतिपट्टीलाही हेच नाव आहे. जुना संगणक मंद झाला म्हणजे स्मृती वाढविणे हा सर्वांत स्वस्त उपाय समजला जातो. तथापि मंदपणाचे कारण स्मृतीची टंचाई हेच असेल आणि मदरबोर्ड अधिक स्मृती स्वीकारीत असेल, तरच तो सफल होतो. म्हणून पट्टी विकत घेण्यापूर्वी संगणकाची तपासणी करणे हा या क्रियेतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

कार्य : संगणक चालू असताना परिचालन प्रणाली (उदा., विंडोज, लिनक्स), उघडलेले कार्यक्रम व त्यांची माहिती मुख्य स्मृतीत असते. या स्मृतीतील प्रत्येक कोशिका एक ट्रँझिस्टर व एक सूक्ष्म धारित्र यांची बनलेली असून धारित्रावरील विद्युत् भाराच्या असण्यानसण्याने १ वा ० हा अंक दर्शविला जातो. भार सतत झिरपत असल्याने सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज बंद होताच माहिती नष्ट होते. अशा कोशिकेचे अमेरिकन एकस्व (पेटंट) आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले.

स्मृती अपुरी पडली की, परिचालन प्रणाली तीतील काही माहिती तात्पुरती चुंबकीय तबकडीवर (हार्ड डिस्कवर) हलविते व गरज लागताच परत आणते. स्मृतीतून माहिती मिळण्यास सु. १०० नॅनोसेकंद, तर तबकडीवरून मिळण्यास सु. १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा फरक सु. एक लाख पटींचा आहे. टंचाईग्रस्त संगणकाची तबकडी सारखी घरघरत राहते आणि पडद्यावरील काम मात्र पुढे सरकत नाही, याचे कारण हेच. याउलट स्मृती मुळातच पुरेशी असेल, तर तीत भर घालून वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. काम चालू असताना किती स्मृती व्यापली आहे, हे परिचालन प्रणालीच्या कार्यव्यवस्थापकात (टास्क मॅनेजरमध्ये) दिसते. त्यावरून टंचाईची खातरजमा करता येते.

ऐतिहासिक आढावा : १९८१ च्या आयबीएम पीसी या संगणकाच्या मदरबोर्डावर स्मृतिचिपांच्या चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत १६ किलोबिट क्षमतेच्या नऊ चिपा असत. नववी चिप केवळ चूक ओळखण्यासाठी असे. पहिली ओळ डाखाने पक्की केलेली असून उरलेल्या तिन्ही ओळींतील चिपा ग्राहकास एकेक करून खोबणीत बसविता येत. अशा रीतीने स्मृती १६ किलोबाइटपासून ६४ किलोबाइटपर्यंत वाढे. त्यातील ८०८८ या सूक्ष्मप्रक्रियकास २० पत्तारेषा असल्याने तो एकूण १ मेगाबाइटपर्यंतच स्मृती ओळखू शके. त्यांपैकी वरचा ३८४ किलोबाइटचा पत्ताप्रदेश पडदा व इतर साधनांसाठी राखलेला असल्याने कार्यक्रमांस ६४० किलोबाइट उरत.

सुट्या चिपांच्या जागी पुढे चिपा जडविलेल्या पट्ट्या आल्या. ३० संपर्कांची पट्टी एका वेळी ८ बिट देत असल्याने ३२ बिटांच्या ८०४८६ प्रक्रियकासाठी सारख्या चार पट्ट्या लागत. ७२ संपर्कांची पट्टी ३२ बिटांची होती. ६४ बिटांच्या पेंटियमसाठी तिच्या जोड्या घालाव्या लागत. १६८ संपर्कांच्या ६४ बिटी पट्टीमुळे ही सक्ती संपली व एकच पट्टी पुरेशी ठरू लागली. त्यानंतरच्या पिढ्या डीडीआर (१८४ संपर्क, २·५ व्होल्ट), डीडीआर२ (२४० संपर्क, १·८ व्होल्ट), डीडीआर३ (२४० संपर्क, १·५ व्होल्ट), डीडीआर४ (२८८ संपर्क, १·२ व्होल्ट) व डीडीआर५ (२८८ संपर्क, १·१ व्होल्ट) या होत. संपर्कांची संख्या सारखी असली, तरी दोन पिढ्यांच्या पट्ट्या परस्परांच्या जागी चालत नाहीत. चुकीची पट्टी बसू नये म्हणून प्रत्येक पिढीत पट्टीच्या कडेवरील खाच वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते.

मर्यादा : स्मृती किती वाढविता येईल, हे रिकाम्या खोबण्यांच्या संख्येवरून ठरत नाही. पहिली मर्यादा स्मृतिनियंत्रकाची असते. उदा., २०११ मधील इंटेल एच६१ चिपसेटावरील मदरबोर्डांत डीडीआर३ पट्ट्यांसाठी जास्तीत जास्त दोन खोबण्या असून कमाल मर्यादा १६ गिगाबाइट आहे. दुसरी मर्यादा पट्टीवरील एकेका चिपेच्या क्षमतेची. १९९८ मधील इंटेल ४४०बीएक्स चिपसेटाला सोळा चिपांची २५६ मेगाबाइटची पट्टी पूर्ण दिसे. परंतु तितक्याच क्षमतेची आठ चिपांची पट्टी निम्मीच, म्हणजे १२८ मेगाबाइटची दिसे. तिसरी मर्यादा परिचालन प्रणालीची. ३२ बिटी विंडोजच्या घरगुती वापराच्या आवृत्त्यांत ४ गिगाबाइटपैकी काही पत्ते इतर साधनांकडे जात असल्याने साधारणतः ३ ते ३·५ गिगाबाइट स्मृतीच वापरता येते. त्यापुढील लाभासाठी ६४ बिटी प्रणाली आवश्यक असते.

क्वचित स्मृतिवर्धन अपायकारकही ठरले आहे. १९९७ मधील इंटेल ४३०टीएक्स चिपसेट २५६ मेगाबाइटपर्यंत स्मृती स्वीकारी. परंतु दुय्यम कॅश स्मृतीचा लाभ पहिल्या ६४ मेगाबाइटनाच मिळे. त्यामुळे या मर्यादेपलीकडे स्मृती वाढविल्यावर काही कामे पूर्वीपेक्षा मंदावत.

निवड : मदरबोर्डाची माहितीपुस्तिका व आधीच्या पट्टीवरील चिठ्ठी पाहून पिढी, विद्युत् दाब व वेग निश्चित करतात. निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र घातल्यास सर्व पट्ट्या सामान्यतः सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. दुहेरी मार्गाची (ड्युअल चॅनल) सोय असल्यास समान क्षमतेच्या दोन पट्ट्या नेमून दिलेल्या खोबण्यांत घालणे एका मोठ्या पट्टीपेक्षा श्रेयस्कर असते. जुन्या पिढ्यांच्या पट्ट्या बहुधा वापरलेल्या मालाच्या बाजारात मिळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता हा संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे स्वस्तात मिळणारी सर्व्हरची ‘रजिस्टर्ड’ पट्टी खोबणीत नीट बसली, तरी सर्वसाधारण मेजसंगणकात चालत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

कृती : प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवतात. संगणक बंद करून विजेची तार काढल्यावर चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरल्यास शिल्लक विद्युत् भार निघून जातो. शरीरावरील स्थिर विद्युत् चिपांना घातक असल्यामुळे कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी कडेने धरतात. खोबणीच्या टोकांवरील खिट्ट्या उघडून व खाच जुळवून पट्टी सरळ ठेवतात आणि खिटी आपोआप मिटेपर्यंत दोन्ही टोकांवर सारखा दाब देतात. खाच जुळत नसल्यास जोर लावणे हे पट्टी व मदरबोर्ड या दोहोंच्या नाशास कारण होते. पडद्यावर काहीच न येता संगणक शिट्टीसारखे आवाज करू लागल्यास पट्टी बहुधा नीट बसलेली नसते. ती काढून, संपर्क स्वच्छ पुसून पुन्हा बसवितात.

चाचणी : बायॉसमध्ये पूर्ण क्षमता दिसली, म्हणजे पट्टी निर्दोष आहे असे नव्हे. एखादी सदोष कोशिका संगणक बंद न पाडता माहितीतील अंक बदलू शकते आणि तीच बिघडलेली माहिती तबकडीवर कायमची लिहिली जाते. हिशेबाच्या वा अभिलेखांच्या कामात असा दोष कित्येक महिने लक्षात येत नाही. यासाठी मेमटेस्ट८६ सारखा चाचणी कार्यक्रम काही तास चालवून एकही चूक न आढळल्यासच संगणक नित्याच्या कामास घेणे इष्ट असते.

उपयुक्तता : शाळा, ग्रंथालये व लहान कार्यालये यांना थोड्या खर्चात संगणकाचे आयुष्य काही वर्षे वाढविता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६·२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला व त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याचे संकलन व पुनश्चक्रीकरण झाल्याची रीतसर नोंद आहे. चालू शकणारा संगणक वापरात ठेवणे हा या कचऱ्यास आळा घालण्याचा सरळ मार्ग होय. परंतु स्मृती वाढविल्याने प्रक्रियक वेगवान होत नाही, झिजलेली तबकडी सुधारत नाही आणि जुनी परिचालन प्रणाली सुरक्षित होत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. एच६१ च्या काळातील संगणक १६ गिगाबाइट स्मृती घालूनही विंडोज ११ च्या अधिकृत अटी पूर्ण करीत नाहीत. अशा संगणकावर लिनक्ससारखी प्रणाली घालणे व चुंबकीय तबकडीऐवजी घन-अवस्था संचयक (एसएसडी) बसविणे यांची स्मृतिवर्धनास जोड दिली, तर लेखन, वाचन व पत्रव्यवहार यांसारख्या कामांसाठी तो पुन्हा उपयोगी पडतो. ही जोड शक्य नसेल, तेथे केवळ स्मृतीवर केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो.