तळघरातले पाणी: आधी वाट शोधा, मग गळती बुजवा

जुलै उजाडला की पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. बेसमेंटच्या भिंतीला ओल, कोपऱ्यात डबके, गाडीच्या बॉनेटवर पांढरे ओघळ. मग कमिटीची मीटिंग, तीन कोटेशन्स, आतून एखादे महागडे केमिकल. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच फोटो. बंगल्याच्या तळघराची कथाही वेगळी नसते. केमिकल वाईट असते असे नाही. पाणी कुठून येते हे न बघताच ते फासले जाते, खरी गोम तिथे आहे.

जमिनीखाली काय चालते

दख्खनच्या पठारावर वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली काळा कातळ. कातळ अखंड दिसला तरी त्याला सांधे आणि भेगा असतात. पावसाचे पाणी मुरमातून खाली उतरते, कातळावर अडते आणि आडवे सरकू लागते. तळघरासाठी कातळ फोडून खड्डा केलेला असतो. भिंत उभी राहिल्यावर तिच्या मागची जागा बहुतेक वेळा राडारोडा टाकून बुजवतात. ही भरणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कितीतरी पोकळ असल्याने सगळीकडचे पाणी तिथेच गोळा होते. म्हणजे आपण विहीर खणतो आणि तिच्यात खोली बांधतो.

या पाण्याला जोर असतो. पाण्याची उंची दर मीटरने वाढली की दाब चौरस मीटरमागे सुमारे 1 टनाने वाढतो. बाहेर 3 मीटर पाणी चढले तर भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरला 3 टन दाब येतो, आणि तळाच्या स्लॅबलाही खालून जवळपास तेवढाच. आतून लावलेला रंग किंवा पातळ लेप पाणी मागून ढकलते. आधी फुगे धरतात, मग पोपडे निघतात.

निदान: घड्याळ आणि कॅलेंडर बघा

पाणी कधी येते, यावरून ते कुठून येते याचा बराच अंदाज लागतो. सर पडून तासाभरात भिंत ओघळायला लागली तर पाणी वरून येत आहे: पावसाळी पाइप, अंगणाचा उलटा उतार, पोडियमच्या स्लॅबची चीर. पाऊस थांबल्यावर दोन-चार दिवसांनी ओल वाढत असेल आणि दिवाळीपर्यंत रेंगाळत असेल तर ते भूजल. ऐन मे महिन्यातही ओल असेल तर पावसाला बोल लावू नका. शेजारचा पाण्याचा संप, एखादी पाइपलाइन किंवा ड्रेनेजचे चेंबर तपासा. संपाची परीक्षा सोपी आहे. तो भरून घ्या, येणारे-जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पातळीवर खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

कधी कधी ती गळती नसतेच. दमट हवा थंड भिंतीला लागली की भिंतीला घाम येतो. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर एक्झॉस्ट फॅन लावायची गरज आहे. भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे. गिलाव्यावर लोणा, म्हणजे पांढरी भुरभुरीत पूड, दिसत असेल तर तीही पाणी भिंतीतून झिरपल्याचीच खूण. बॉनेटवरचे पांढरे डाग मात्र स्लॅबमधल्या चुन्याचे असतात. ते गाडीच्या रंगाला खातात, म्हणून वेळेवर धुवावेत.

सगळ्यात स्वस्त काम भिंतीच्या बाहेर

100 चौरस मीटर गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5,000 लिटर पाणी होते. एका जोरदार दुपारचे हे पाणी पावसाळी पाइपातून थेट भिंतीच्या पायथ्याशी सोडलेले असते, आणि आपण आत बसून केमिकलचे भाव विचारत असतो! पाइप भिंतीपासून लांब नेऊन गटाराला जोडणे हे प्लंबरचे एका दिवसाचे काम आहे.

त्यानंतर अंगण. इमारतीच्या कडेची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवी. 10 फुटांत 6 इंच उतार पुरतो. बांधकामाच्या वेळी टाकलेली भरणी काही वर्षांत खचते आणि उतार भिंतीकडे होतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कडेची फरसबंदी फुटली असेल तर ती पुन्हा करून भिंतीलगतची फट बुजवा. भिंतीला लागून केळी-कर्दळीचा वाफा करून त्याला रोज पाइप लावणे म्हणजे तळघराला बारमाही पाणीपुरवठा. रेनवॉटर हार्वेस्टिंगचा शोषखड्डाही अनेक ठिकाणी जागा सापडेल तिथे, अगदी बेसमेंटच्या भिंतीशेजारी खणलेला दिसतो. तो भिंतीपासून किमान 3 मीटर दूर हवा.

इतके केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. पुष्कळ तळघरांचा प्रश्न इथेच निम्म्यावर येतो.

पाणी शिरते ती ठिकाणे

चांगल्या काँक्रीटच्या आरपार पाणी सहजी येत नाही. ते सांध्यांतून येते. तळाचा स्लॅब आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओततात, म्हणून जमिनीपासून काही इंचांवर एक आडवा सांधा राहतो. ओलीची सरळ रेघ त्या उंचीवर दिसली तर चोर सापडला म्हणा. त्याखालोखाल संशयित म्हणजे केबल आणि पाइप आत येण्याची भोके, शटरिंगच्या बोल्टांची नीट न बुजवलेली छिद्रे आणि काँक्रीट नीट दाबले न गेल्याने राहिलेली खडीची जाळी.

बांधकाम चालू असेल तर

पाणी बाहेरच्या अंगाने अडवणे हेच खरे, आणि त्याची संधी एकदाच मिळते. मुंबई-पुण्याकडची जुनी रीत म्हणजे बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग: राफ्टच्या, म्हणजे तळाच्या स्लॅबच्या, खाली आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरश्या बसवायच्या आणि मधली फट सिमेंटच्या पातळ ग्राउटने भरायची. कारागीर जाणता असेल तर ही रीत आजही भरवशाची आहे. आता मेम्ब्रेनचे पर्यायही आहेत. आडव्या सांध्यात वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, बसवून घ्या. भरणी करताना भिंतीलगत खडीचा थर आणि तळाशी भोकांचा पाइप टाकला की पाणी साचून दाब देण्याऐवजी वाहून जाते. भरणी होण्याआधी फोटो काढून ठेवा. पुढे गळती शोधताना त्यांचा उपयोग होतो.

जुन्या तळघरात

बाहेरून खणणे शक्य नसेल तर सांध्यात तिरकी छिद्रे पाडून दाबाने ग्राउट भरतात. वाहत्या पाण्यासाठी पॉलियुरेथेनचे, पाणी लागताच फुगणारे ग्राउट वापरतात. एकच जागा बुजवली तर पाणी शेजारची कच्ची जागा शोधते, तेव्हा पूर्ण सांधा एकदम करून घ्यावा. एवढ्यानेही न भागल्यास पाण्याशी तह करावा: भिंतीलगत पन्हळ काढून पाणी एका खड्ड्यात घ्या आणि पंपाने उपसा. पंप दोन हवेत, फ्लोट स्विचसह, आणि त्यांना जनरेटरची जोड हवी. मुसळधार पावसात वीजही हमखास जाते.

रॅम्पवरून येणारे पाणी

भिंती कितीही कोरड्या असल्या तरी रस्त्यावरचे पाणी रॅम्पने उतरले तर तळघर मिनिटांत भरते. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंचवटा आणि आडवे जाळीचे गटार असावे. विजेचे मीटर आणि पॅनेल तळघरात ठेवू नयेत. पाणी शिरत असताना गाडी काढायला कुणीही खाली उतरू नये.

कंत्राट देताना

पाहणी पावसात करा, ओल चढते तिथे तारीख घालून खुणा करा आणि काम उन्हाळ्यात काढा. कोटेशनमध्ये कारण लिहून मागा. नुसते ‘संपूर्ण वॉटरप्रूफिंग’ लिहिणाऱ्याला परत पाठवा. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा शेवटचा हप्ता दसऱ्यानंतर देण्याची अट जास्त कामाची. कामाची खात्री असलेला कंत्राटदार तिला फारशी खळखळ करत नाही.