वायु-वर्णलेखनात धातु-कार्बनी चौकटी

उत्कलनबिंदू परस्परांच्या अगदी निकट असलेल्या द्रव्यांचे वियोजन करताना वायु-वर्णलेखनाची खरी कसोटी लागते. पॅरा-झायलीन १३८.४° से. ला उकळते, तर मेटा-झायलीन १३९.१° से. ला. १९५२ साली जेम्स व मार्टिन यांनी द्रव स्थिर प्रावस्थेचे तंत्र सिद्ध केले; परंतु साध्या अध्रुवीय द्रवात वियोजन मुख्यत्वे बाष्पदाबावर अवलंबून असल्यामुळे हे दोन समघटक जवळजवळ एकत्रच बाहेर पडतात. पॅरा-झायलीन हा पॉलिएस्टरचा कच्चा माल असल्याने हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.

धातूंचे आयन व कार्बनी दुवे यांच्या जोडणीतून बनणाऱ्या सच्छिद्र स्फटिकी चौकटी येथे उपयोगी पडतात. २०१० मध्ये नानकाई विद्यापीठातील गू व यान यांनी केशिका-स्तंभास एमआयएल-१०१ या क्रोमियमयुक्त चौकटीचा लेप देऊन तीनही झायलीने व एथिलबेंझीन १.६ मिनिटांत वेगळी केली. या चौकटीची छिद्रे झायलीनच्या रेणूंहून बरीच मोठी आहेत. म्हणजे येथे चाळणीचा न्याय लागू पडत नाही, तर उघड्या क्रोमियम-स्थानांचे आकर्षण महत्त्वाचे ठरते. उलटपक्षी झिफ-८ ची सुमारे ०.३४ नॅनोमीटरची द्वारे सरळ अल्केनांना आत घेतात, शाखायुक्तांना अडवितात. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटाने २०१४ साली तिसरा मार्ग दाखविला: तेथील लवचिक चौकट पॅरा-झायलीनसाठीच आपली रचना बदलते.

तात्पर्य, स्तंभाची निवड करताना केवळ छिद्राचे माप पाहून भागत नाही. रेणूंचे विसरण मंद असल्यास शिखरे पसरतात, आणि एमओएफ-५ सारखी चौकट आर्द्रतेने ढासळते. वियोजनाचे कारण ओळखणे हीच निवडीची पहिली पायरी होय.