एका दोरावरची माणसे



वारंगा फाट्यावर उभे राहून चहूकडे नजर टाकली तर डोंगर म्हणावा असा डोंगर दिसत नाही. एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला, एक हदगाववरून नागपूरच्या दिशेने. अशा सपाट मुलखातल्या श्रोत्यांपुढे गिर्यारोहकाची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. आमचे सारे आयुष्य पाठीवर पोते घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या माणसांत गेले. त्या माणसांपैकी एखाद्याला कर्करोग झाला की बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार आला. साथ द्यायची, हे सर्वांनाच कळते. पण साथ म्हणजे नेमके काय? या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर आम्हांला एका परदेशी गिर्यारोहकाच्या चरित्रात सापडले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

त्या गृहस्थाचे नाव डग स्कॉट. 1941 साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे जन्म. पेशा सुरुवातीला शाळामास्तराचा. 24 सप्टेंबर 1975 रोजी ते आणि डूगल हॅस्टन हे दोघे एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य बाजूच्या उभ्या कड्याने शिखरावर पोहोचले. त्या वाटेने तोवर कोणीही चढले नव्हते. उतरताना अंधार पडला, आणि शिखराच्या जरा खाली, बर्फात खोदलेल्या बिळात, प्राणवायूवाचून आणि अंथरुणावाचून त्यांनी रात्र काढली. पण आमचे काम त्या विक्रमाशी नाही. आमचे काम आहे दोन वर्षांनंतरच्या उतरणीशी.

प्रथम दोराची रीत समजून घेऊ. गिर्यारोहक एका दोराला बांधलेले असतात. एक चढतो तेव्हा दुसरा स्थिर उभा राहून दोर सांभाळतो. पहिल्याचा पाय सुटला तर त्याचे वजन दुसऱ्याने पेलायचे. पुढे पाळी बदलते. म्हणजे दोर हा एक करारच असतो, आणि तो प्रकृती धडधाकट असताना केलेला असतो. पडल्यावर कोणी दोर बांधीत नाही.

13 जुलै 1977 रोजी काराकोरम पर्वतातील 7285 मीटर उंचीच्या, ओगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिखरावर स्कॉट आणि ख्रिस बॉनिंग्टन चढले. दिवस मावळत होता. दोराने खाली उतरताना स्कॉट यांचा पाय बर्फावरून निसटला, ते झोक्यासारखे समोरच्या खडकावर आदळले, आणि त्यांचे दोन्ही पाय घोट्यांच्या वर मोडले. पुढे उतरताना बॉनिंग्टन यांच्याही बरगड्या मोडल्या. मदतीला होते मो अँथनी आणि क्लाइव्ह रोलंड हे दोघेच. वादळ सुरू झाले, अन्न संपले. तरीही सुमारे आठवड्याने चौघेही जिवंत खाली आले. हे शिखर इतके अवघड की त्यानंतर 24 वर्षे, म्हणजे 2001 पर्यंत, त्यावर दुसरे कोणी पोहोचू शकले नाही.

आता यात पाहण्यासारखे काय आहे ते सांगतो. स्कॉट यांना कोणी पाठीवर उचलून आणले नाही. त्या उंचीवर ते शक्यही नव्हते. अँथनी आणि रोलंड पुढे राहून बर्फात वाट पाडीत आणि दोर लावून देत. स्कॉट हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत. वाट सोबत्यांनी केली, रांगणे त्यांचे त्यांनी केले. ही कामाची वाटणी आहे. सोबत्यांनी नुसती हळहळ केली असती तर सगळे वरच राहिले असते. आणि "तू काही करू नकोस, पडून राहा" असे म्हटले असते तरीही तेच झाले असते.

दुसरी गोष्ट. पाय मोडले आहेत हे त्या माणसापासून कोणी लपवले नाही. उतरायचा बेत त्याच्यासह ठरला. तिसरी गोष्ट, उतरणीला एक रात्र लागली नाही, आठवडा लागला. आणि पहिल्या दिवशीचे सोबती शेवटच्या दिवशीही तेच होते. चौथी गोष्ट आम्हां हमालांच्या जिव्हाळ्याची. तळावर पोहोचल्यावरही स्कॉट चालू शकत नव्हते. तेथून पुढे त्यांना डोलीवर घालून नेले ते बाल्टी हमालांनी. वर्तमानपत्रांत नावे आली ती शिखरावर चढलेल्यांची. खांदा दिला तो ज्यांची नावे कोणी विचारीत नाही त्यांनी.

स्कॉट यांना मात्र हमालांचा विसर पडला नाही. पुढे त्यांनी नेपाळात हमालांना योग्य मजुरी, कपडे आणि विमा मिळावा यासाठी आयुष्याची बरीच वर्षे खर्ची घातली. त्यातून 'कम्युनिटी ॲक्शन नेपाळ' ही संस्था उभी राहिली. तिने डोंगरातील खेड्यांत आरोग्यकेंद्रे, शाळा आणि हमालांसाठी निवारे बांधले. पैसा कोठून आला? बराचसा व्याख्यानांतून. हा माणूस गावोगाव व्याख्याने देई, आणि व्याख्यान संपल्यावर तेथेच छायाचित्रांचा लिलाव पुकारून वर्गणी गोळा करी. एप्रिल 2015 च्या भूकंपात संस्थेच्या अनेक इमारती पडल्या, तेव्हा त्या पुन्हा उभारण्यासाठी सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ नव्याने हिंडू लागला.

मार्च 2020 मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेने निघण्यासारखा तो नव्हता. त्याच महिन्यात महामारीमुळे इंग्लंडात सर्वत्र बंदी लागू झाली. व्याख्याने थांबली आणि नेपाळकडे जाणारा पैसाही आटला. तेव्हा संस्थेच्या लोकांनी एक युक्ती काढली. ज्याने त्याने आपल्या घरचा जिना वर-खाली चढावा आणि त्यावर मित्रांकडून वर्गणी घ्यावी. स्कॉट यांनी 1975 साली एव्हरेस्टवर घातलेला तोच पोशाख अंगावर चढवला, आणि आजारी शरीराने आपल्या घरचा जिना चढून दाखवला. 7 डिसेंबर 2020 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी, ते घरीच वारले.

जिना चढल्याने रोग बरा झाला नाही. तसे कोणी सांगितले तर ते खोटे ठरेल. पण सोबत्यांनी त्यांना कसे वागवले ते पाहा. त्यांनी त्यांना केवळ रोगी ठरवून बाजूला बसवले नाही. दोरावरचे त्यांचे स्थान कायम ठेवले, आणि झेपेल तेवढे काम त्यांच्या वाट्याला येऊ दिले. आमच्या मते साथ देण्याचे मर्म यातच आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या भागात हमाल, चालक, गवंडी यांच्यात तोंडाचा कर्करोग पुष्कळ दिसतो, आणि त्याचे मोठे कारण तंबाखू व सुपारी हे सर्वांस ठाऊक आहे. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, तर डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. निदान झाले की काय होते? पहिल्या आठवड्यात अड्ड्यावर वर्गणी निघते. पन्नास माणसे भेटीस जातात. दुसऱ्या आठवड्यात दहा जातात. तिसऱ्या आठवड्यात कोणी जात नाही. लोक वाईट असतात म्हणून नव्हे. उतरण किती लांब आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

म्हणून तेही सांगतो. किरणोपचार हे एकदा घेऊन संपणारे काम नाही. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. उपचार मधे तुटले तर त्यांचा गुण कमी होतो. औषधांचे उपचार बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालतात. म्हणजे दोन-तीन महिने रोजगार बंद, मुक्काम परगावी, आणि सोबत एक माणूस. त्याचाही रोजगार बंद. हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला पाहिजे, आणि वर्गणी एकदम न देता दर आठवड्याला पोहोचती केली पाहिजे.

मग वाटणी करावी. एकाने कागदपत्रे पाहावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीवरील रुग्णालयांत कर्करोगाचे अनेक उपचार होतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि ओळखपत्र आधीच जुळवून ठेवावे. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोग्याला शयनयानात भाडे माफ आहे आणि सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. पण त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दुसऱ्याने मुक्कामाची सोय पाहावी. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईत परळला 1941 साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि दूरगावच्या रोग्यांना आसरा देणारी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. तिसऱ्याने घरचे पाहावे: मुलांची शाळा, शेतातली पेरणी, दुभते जनावर. चौथ्याने वाहनाची जबाबदारी घ्यावी. औषधांचे उपचार चालू असताना रोग्याला 100.4 अंश ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते, कारण त्या दिवसांत रोगप्रतिकाराची शक्ती फार कमी झालेली असते. फाट्यावर वाहनांना तोटा नाही. पण मध्यरात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे आधी ठरलेले असावे.

आणखी तीन गोष्टी. कर्करोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तेव्हा चहाचा कप वेगळा करू नये. रोग्यापासून रोगाचे नाव लपवण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यात माया असते, पण ज्याला रांगत उतरायचे आहे त्याला वाट ठाऊक असावी लागते. किती ऐकायचे हे त्यालाच विचारावे, आणि विचारील तेवढे खरे सांगावे. तिसरी गोष्ट जड आहे. आपल्यात चुना-तंबाखूची डबी पुढे करणे हे स्नेहाचे लक्षण समजतात. उपचार घेणाऱ्या सोबत्यासमोर डबी उघडणे म्हणजे आपणच लावलेला दोर आपणच कापणे होय. त्याच्यासमोर नको, एवढ्यावरही थांबू नये. त्याच्या निमित्ताने अड्ड्यावरूनच डबी हद्दपार करावी.

रोग्याचे काम रोग्याकडे ठेवावे, हे तर विसरूच नये. ज्याला पोते उचलवत नाही त्याला संघटनेची वही लिहिता येते, हजेरी घेता येते, नव्या पोराला थप्पी कशी लावायची ते दाखवता येते. दया फार झाली की माणूस स्वतःला ओझे समजू लागतो. ज्याने जन्मभर ओझी वाहिली, त्याला हे सर्वांत जास्त लागते.

शेवटी, सगळेच मित्रांच्या खांद्यावर टाकून भागत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, ठरावीक अटी पुऱ्या केल्यास, मजुरीच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ती योजना ज्याला लागू नाही त्या नाक्यावरच्या मजुराला यातले काहीच मिळत नाही. दोघांचा रोग एक, दोघांची उतरण सारखीच लांब. 1969 साली माथाडी कायदा झाला तो हमाल एकत्र आले म्हणून. आजारपणातील मजुरीचा हक्कही एकत्र आल्यावाचून कोणी देणार नाही. तोवर प्रत्येक अड्ड्याने एक वही घालावी. तिच्यात चार नावे लिहावीत: कागदपत्रे कोण पाहील, मुक्काम कोण, घर कोण, वाहन कोण. आज आपल्यात कोणी आजारी नसेल तर उत्तमच. ती नावे आजच लिहावीत. व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी बसणार आहोत, आणि वही सोबत आणली आहे.