सरकारी यंत्रखरेदी आणि परकीय कंपन्या

गावच्या सुताराने नांगर करून दिला व खळ्यावर त्याचे बलुते त्याला पोचले, म्हणजे तो नांगर सर्वस्वी शेतकऱ्याचा होत असे. पुढे उभयतांत वितुष्ट आले तरी सुतार घरबसल्या तो नांगर बंद पाडू शकत नव्हता. लोखंडी नांगर आला, तेलावरचे इंजिन आले, तरी ही स्थिती पालटली नाही. हल्लीच्या यंत्रांत मात्र ती पालटली आहे; आणि परकीय कंपन्यांशी होणाऱ्या यंत्रविषयक सरकारी करारांवर अनेक राष्ट्रे निर्बंध का घालीत आहेत, याचे मर्म याच फरकात आहे.

आजचा मोठा ट्रॅक्टर, टेलिफोनचे केंद्र किंवा वीज मोजण्याचे यंत्र यांच्या पोटात संगणक असतो. त्याला चालविणारी आज्ञावली कारखानदार वेळोवेळी दुरून बदलतो. ज्या वाटेने दुरुस्ती आत येते त्याच वाटेने माहिती बाहेर जाऊ शकते, व बंद पडण्याची आज्ञाही आत येऊ शकते. इ. स. २०२२ मध्ये युक्रेनमधील मेलितोपोल शहरातील एका विक्रेत्याची जॉन डिअर कंपनीची शेतीयंत्रे रशियन सैनिकांनी लुटून चेचन्यात नेली; परंतु दुरूनच कुलूपबंद केल्यामुळे ती तेथे चालेनात, असे वृत्त प्रसिद्ध झाले. येथे कुलूप लावले गेले ते चोराविरुद्ध, आणि ते न्याय्यच होते. पण यंत्र शेकडो मैलांवरून थांबविता येते, ही गोष्ट यातून सिद्ध झाली. तीच किल्ली उद्या वैर धरणाऱ्याच्या हाती असली तर काय, हा प्रश्न कोणत्याही सरकारला पडणे साहजिक आहे.

म्हणून अमेरिकेने २०१८ साली कायदा करून हुआवे, झेडटीई वगैरे चिनी कंपन्यांची दळणवळणाची व टेहळणीची यंत्रे सरकारी खरेदीतून वगळली. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये हुआवेची यंत्रे आपल्या नव्या टेलिफोन-जाळ्यातून २०२७ अखेर काढून टाकण्याचे ठरविले. आपल्याकडे जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. त्यानंतर २३ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने सरकारी खरेदीच्या सामान्य वित्तीय नियमांत बदल केला. भारताच्या भूसीमेस लागून असलेल्या देशांतील कंपनीला सरकारी निविदा भरावयाची असल्यास आधी नोंदणी करणे, आणि त्यासाठी परराष्ट्र व गृह या दोन्ही खात्यांची संमती मिळविणे, आवश्यक ठरले. ही सरसकट बंदी नव्हती, तर दारावर बसविलेली चौकी होती. भारताकडून कर्ज वा विकाससाहाय्य मिळणारे देश या अटीतून वगळले होते.

अशा निर्बंधाची किंमत पडते, हे मात्र झाकून ठेवू नये. लिलावात बोली बोलणारे कमी झाले की विकत घेणाऱ्यास भाव चढा द्यावा लागतो. उपरोक्त निर्णयासोबतच ब्रिटिश सरकारने सांगितले होते की, एकंदर विलंब दोन-तीन वर्षांचा व खर्च दोन अब्ज पौंडांपर्यंत होईल. हा पैसा अखेर कोणाच्या तरी खिशातूनच जावयाचा. यास्तव निर्बंध जेथे खरा धोका आहे तेथेच असावा. फावड्याच्या खरेदीस जी अट घालणे हास्यास्पद होईल, ती टेलिफोन केंद्राच्या खरेदीस अवश्य घालावी.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पाटी देशी पण पोट परदेशी, अशी यंत्रे पुष्कळ असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने, काही अपवाद ठेवून, परदेशी ड्रोन तयार स्वरूपात वा सुट्या भागांच्या संचरूपाने आणण्यास मनाई केली. परंतु स्वतंत्र सुटे भाग आणण्यास मोकळीक ठेवली. येथे उद्योग उभा राहण्यास ती आवश्यकच होती. तथापि फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्याने मागविलेल्या ४०० ड्रोनचे करार आत चिनी भाग असल्याच्या कारणावरून रद्द झाल्याचे वृत्त आले. बियाण्याच्या पोत्यावरील शिक्का पाहून आपण थांबत नाही. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतो. सरकारनेही कंपनीचे नाव व देश यांवरच न थांबता यंत्र उघडून तपासले पाहिजे.

हा विषय केवळ दिल्लीचा नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले, व त्यासाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लक्ष रुपये, साहाय्य ठेवले गेले. अशा यंत्राच्या उड्डाणाबरोबर शेताच्या सीमा व पिकाची स्थिती यांची नोंद होऊ शकते. आणि कीड पडलेली असताना यंत्र आठ दिवस अडून राहिले तर हंगाम हातचा जातो.

तेव्हा कृषक बंधूंनी व त्यांच्या संस्थांनी असे यंत्र घेताना किमतीबरोबर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: त्यातील नोंदी कोठे साठविल्या जातात, ते दुरून बंद करण्याचा अधिकार कोणास आहे, आणि कंपनीने संबंध तोडल्यास सुटे भाग व दुरुस्ती येथे मिळेल काय. राष्ट्राने परकीय कंपनीस विचारावयाचे प्रश्न याहून फारसे निराळे नाहीत. ज्याच्या यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस आहे, तो त्या यंत्राचा पुरता धनी नव्हे. मग तो एक शेतकरी असो की सारे राष्ट्र असो.