पहिला दणका नव्हे, तिसरा

चार आसनांचं सेस्ना १७२ पूर्ण भारानिशी ११५७ किलोपर्यंत जातं. त्याचं वजन आणि पंखांचं क्षेत्रफळ छोट्या विमानांसाठीच्या जुन्या अमेरिकी नियमांतल्या सूत्रात घातलं, तर खाली येण्याचा वेग सेकंदाला साधारण २.६ मीटर असेपर्यंत चाकांनी तग धरायला हवा, असं उत्तर येतं. म्हणजे विमान जेमतेम ३५ सेंटिमीटरवरून सोडून दिल्यासारखं. मीटरभर उंचीवर पंखांची उचल पूर्ण गेली, तर दणका जवळपास तिप्पट ऊर्जेचा बसेल. उचल अशी एका क्षणात जात नाही, हे नशीब.

तरी मागच्या दोन चाकांचे पाय सहसा मोडत नाहीत. ते स्प्रिंग स्टीलचे असतात. ही युक्ती विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचे शर्यतपटू वैमानिक स्टीव्ह विटमन यांची. सेस्नानं ती त्यांच्याकडून परवान्यावर घेतली. टेकताना पाय बाहेर फाकतात, टायर धावपट्टीवर आडवे घासतात आणि त्यात थोडी ऊर्जा जिरते. उरलेली स्प्रिंग परत करते, इथेच गोची आहे. वेग थोडा जास्त असेल तर विमान पुन्हा हवेत उसळतं.

घाबरलेला शिकाऊ वैमानिक मग हातातलं सुकाणू पुढे ढकलतो. नाक खाली जातं आणि पुढचं चाक आधी आपटतं. त्याच्या पायात हवा आणि तेल असतं. बारीक छिद्रातून तेल ढकललं जाताना धक्का जिरतो. पण त्याचं काम मुख्यतः विमान जमिनीवर वळवण्याचं, अख्खं वजन झेलण्याचं नाही. शिवाय तो पाय इंजिनामागच्या फायरवॉलला जोडलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत फायरवॉलचा पत्रा चुरगळू शकतो. पंख्याचं पातं जमिनीला लागलं, तर इंजिनही उघडून तपासावं लागतं. पहिल्याच मोठ्या उसळीला पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर जाणं, हा यावरचा सोपा उपाय. सुचायला मात्र अवघड.

मेकॅनिक मग सैल रिव्हेटांभोवतीचे काळपट ओघळ आणि पत्र्यावरच्या सुरकुत्या शोधतो. फायरवॉलवरची सुरकुती बघायला इंजिनाचं झाकण काढावं लागतं. उड्डाणाआधीच्या नेहमीच्या फेरीत ती बहुधा नजरेला पडत नाही. प्रशिक्षणाचं विमान तर दिवसभर या हातातून त्या हातात फिरतं. आधीच्यानं दणक्याची नोंद केली नसेल, तर पुढच्याला ते कळणार कुठून?