गंजावर रंग टिकत नाही

मोटारीचा रंग आपल्याला दिसतो, पत्रा दिसत नाही. जुन्या मोटारीचं आयुष्य मात्र पत्र्यावर अवलंबून असतं. आज त्या न दिसणाऱ्या कामाविषयी थोडं बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.चं. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. पण कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीत अब्बांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे आणि गेली दोन वर्षं तिचं पत्रेकाम आम्ही घरीच करतो आहोत. त्यातून हाताला जे कळलं, ते सांगतो.

ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००च्या कुळातली. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळा महाराष्ट्र ओळखतो. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आता घराघरांत उरल्या आहेत त्या अशाच, कुणाच्या तरी आठवणीपायी ठेवलेल्या.

अम्मी आता ऐंशीच्या घरात आहे. तिला या गाडीत बसवून बाजारपेठेपर्यंत फेरी मारून आणायची, एवढाच आमचा हेतू. म्हणजे गाडी प्रदर्शनात मांडायची नाही, तिच्यात माणूस बसवायचं आहे. हा फरक कामाच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावा लागतो.

सुरुवात गंजापासून करू. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. त्यात समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ मिसळलं की तो धावू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगाला वर ढकलतो आणि आपल्याला फोड दिसतो. तो फोड हे दुखणं नव्हे, दुखण्याची बातमी. फोड घासून वरून रंग मारला तर आतलं काम चालूच राहतं.

मग पत्रा तपासायचा कसा? आमच्या गावात एक जुने डेंटर आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांची तीन हत्यारं : लोहचुंबक, पेचकस आणि बोटाचं पेर. चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथं ते धरत नाही तिथं खाली पत्रा नाही, लांबी आहे. पेचकसानं तळाचा पत्रा दाबायचा, पेरानं ठोकून आवाज ऐकायचा. आमच्या गाडीच्या डाव्या दाराखाली चुंबक घसरलं. रंग खरवडला तर बोटभर जाडीची लांबी निघाली आणि तिच्यामागे गोणपाटाचा तुकडा. कधीकाळी एका गॅरेजमध्ये केलेली ती ‘दुरुस्ती’. वरून गुळगुळीत, आतून पोकळ.

ही पोकळी नुसती दिसण्यापुरती नसते. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा बनतो. दाराखालची पेटी कुजली की सांगाडाच कमकुवत होतो. अपघातात माणसाला वाचवणारा पत्रा तोच. म्हणून हे वेल्डिंग आम्ही उस्तादांवर सोपवलं. घरचं काम म्हणजे सगळं स्वतःच करायचं असं नव्हे. कुठं थांबायचं हे ठरवणं हाही कामाचाच भाग आहे.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेली, आसनं आणि जाजम काढलं, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवली. पेटी कापण्यापूर्वी गाडीला खालून टेकू दिले आणि दारांच्या भोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. टेकू नसतील तर कापताना सांगाडा किंचित खचतो आणि नंतर दार लागत नाही. कुजलेला भाग चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापला. पुठ्ठ्याचा नमुना काढून त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ बेतलं. टाके एका जागी सलग न घेता थोडे इथं, थोडे तिथं घेतले, कारण उष्णता एकवटली की पत्रा वाकडा होतो.

पोचे काढणं ही वेगळीच विद्या. पत्रा हातोडीनं ठोकला की ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा आत-बाहेर टकटक करतो. म्हणून मागून डॉली नावाचा लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलके ठोके द्यायचे आणि कडेकडून मध्याकडे यायचं. सपाटी डोळ्याला फसवते. उस्ताद मला म्हणाले, “भाई, डोळे मिटा आणि तळहातानं बघा.” खरोखरच, डोळ्याला न दिसलेला खळगा तळव्याला सापडतो.

आता प्रायमर. अनेकांना तो रंगाचा स्वस्त भाऊ वाटतो. त्याची खरी कामं दोन : पत्र्याला घट्ट धरणं आणि वरच्या थराला धरायला जागा देणं. इपॉक्सी प्रायमर त्याशिवाय ओलावाही अडवतो. साधा प्रायमर मात्र सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. नुसता साधा प्रायमर लावून गाडी पावसात उभी केली तर गंजाला आपणच निमंत्रण दिलं म्हणायचं.

आमचा क्रम असा. पत्रा घासून थिनरनं पुसला. त्यानंतर उघड्या हातानं त्याला शिवायचं नाही, घामातही मीठ असतं. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर दिला. तो सुकल्यावर डब्यावर लिहिलेल्या मुदतीत लांबी लावली, तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. शंभर ग्रॅम लांबीला साधारण दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. आधी ८० नंबरचा कागद, मग १५० आणि २४०, आणि कागद नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या चऱ्या उमटतात. त्यावर जाड थराचा प्रायमर, आणि त्यावर काळ्या रंगाचा विरळ शिडकावा. पुन्हा ठोकळ्यानं घासलं की उंचवट्यावरचं काळं जातं, खळग्यातलं राहतं. कुठं काम उरलं आहे हे गाडीच सांगते.

इथं जिवाची गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो पाणी लावून घासावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. घासताना आणि प्रायमर मारताना नाकाला रुमाल पुरत नाही, योग्य फिल्टरचा मास्क लागतो. काही रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा जडू शकतो. म्हणून शेवटचा रंग आम्ही घरी मारणार नाही. पावसाळ्यात प्रायमरचा डबाही उघडत नाही. हवेतला ओलावा पत्र्यावर बसतो आणि आपण तोच आत कोंडून ठेवतो.

कागदपत्रांचंही एक आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. पण तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आमच्या गाडीला २०२८ मध्ये पन्नास वर्षं होतील. म्हणून घासताना चासी नंबर जपायचा, त्यावर लांबी किंवा जाड प्रायमर चढू द्यायचा नाही, आणि आकार होता तसाच ठेवायचा.

दारांच्या तळाला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात. प्रायमरनंतर ती तारेनं मोकळी करा. ती बुजली की दारात पाणी साठतं आणि सगळी मेहनत दोन पावसाळ्यांत वाया जाते.

आणि शेवटची सूचना. जे झाकलं जाणार आहे त्याचा झाकण्यापूर्वी फोटो काढा. कापलेली पेटी, नवं ठिगळ, टाके, सगळ्यांचे. मागे तारीख लिहून ते गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. आम्ही तशी एक वही केली आहे. गोणपाट भरणाऱ्यानं मागे काहीच लिहून ठेवलं नव्हतं. आमच्यानंतर या गाडीवर जो हात ठेवील, त्याला रंगाखाली काय आहे हे चुंबक न फिरवता कळलं पाहिजे.