मालक कोणत्या रकान्यात लिहायचा?

समजा, एड्सचा अभ्यास करणारा एक संशोधक प्रश्नावली घेऊन सांगलीच्या गोकुळनगरात आला. जोडीदाराच्या माहितीसाठी त्याच्या कागदावर दोन रकाने आहेत : नवरा आणि गिऱ्हाईक. पण धंदा करणाऱ्या, विशेषतः देवदासी म्हणून सोडलेल्या अनेक बायकांच्या आयुष्यात तिसराच एक पुरुष असतो. त्याला म्हणतात 'मालक'. लग्न झालेलं नसतं, पण नातं वर्षानुवर्षांचं. गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय जवळ येऊ न देणारी बाई मालकापुढे तोच हट्ट धरेल, याची खात्री नाही. म्हणजे विषाणूची वाट जिथून जाऊ शकते, तो रकाना कागदावर छापलेलाच नाही!

हे गुपित प्रयोगशाळेत सापडत नाही. ते त्या गल्लीला ठाऊक असतं.

१९९२ साली सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेनं एड्सचं काम सुरू केलं, तेव्हा निरोध वाटायचं आणि समजावून सांगायचं काम याच बायकांनी हाती घेतलं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजेच 'व्हॅम्प'. तिचं जाळं पुढे सातारा, कोल्हापूर आणि कर्नाटकातल्या निपाणीपर्यंत गेलं. 'संग्राम'नं लोकांच्या हक्कांचा एक जाहीरनामाच केला. बाहेरून येणाऱ्यानं नम्रतेनं यावं, आणि आपल्याशी संबंधित गोष्टीला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा हक्क ज्याचा त्याला असावा, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कलमं.

'नाही'चा हक्क म्हणजे संशोधनात अडथळा, असं वाटेल. गंमत अशी की घडतं उलटंच. 'नाही' म्हटलं तर औषध बंद होईल, अशी धास्ती असलेली बाई समोरच्याला हवं तेच उत्तर देते. नकाराची मोकळीक असेल, तरच तिचा होकार खरा, आणि मग तिची माहितीही खरी. २००५ मध्ये हा हक्क 'संग्राम'नं स्वतःच वापरला. वेश्याव्यवसायाच्या विरोधात भूमिका घ्या, ही अमेरिकी मदतीची अट नाकारून संस्थेनं त्या पैशांवर पाणी सोडलं.

न विचारलेल्या प्रश्नाची अशीच गोष्ट गडचिरोलीची. तिथे डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं. इतकं दुखणं तोवर कुणाच्या नोंदीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही आता सांगतात, की संशोधनात समाजाला सहभागी करून घ्या आणि संशोधनाच्या लाभात त्याला वाटा द्या. तेव्हा उद्या तुमच्या दारात कुणी रक्त घ्यायची बाटली आणि फॉर्म घेऊन आलं, तर सहीआधी एवढं विचाराच : निकाल आम्हाला कधी आणि कोण सांगणार?